मधली माणसं कमी करा
वेगळं राहणाऱ्या जोडीदाराशी पुन्हा बोलणं सुरू करताना

सास्तूर, माकणी, लोहारा, उमरगा या पट्ट्यात नवरा-बायकोचं बिनसलं, की ते फार दिवस दोघांपुरतं राहत नाही. ती लेकरू घेऊन माहेरी येते. पहिले पंधरा दिवस इकडे "येतील न्यायला" आणि तिकडे "येईल आपणहून" यात जातात. मग मामा जाऊन येतो, मेहुणा फोन करतो, सोयरीक जमवलेले मध्यस्थ दोन्ही घरी चहा घेऊन जातात. दोन महिन्यांनी अशी गत होते, की एकमेकांविषयी सगळं कानावर येतं, पण एकमेकांकडून काहीच येत नाही.

निरोप तिसऱ्याच्या तोंडून जातो तेव्हा वाटेत बदलतो. "लेकराला ताप आहे, त्यांना सांगा" असं ती म्हणते. त्याच्यापर्यंत "पैसे मागतीय" एवढंच पोचतं. "रानातली कामं उरकली की येतो" असं तो म्हणतो. तिला कळतं, की त्याला काही घाई नाही. सांगणाऱ्याची नियत वाईट असते असं नाही. पण त्याला स्वतःच्या घराची बाजू राखायची असते, आणि दोघांच्या मनातलं त्याला माहीतही नसतं.

म्हणून वेगळं राहत असताना नातं सावरायचं असेल, तर "घरी कधी यायचं" हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. पहिलं काम दोघांमधली माणसं कमी करण्याचं आणि थेट बोलण्याची एक छोटी सवय लावण्याचं. पुढचं सगळं त्यावर उभं राहतं.

आधी हे तपासा

मारहाण, जाळण्याची किंवा जीव घेण्याची धमकी, माहेरून पैसे आणण्याचा तगादा, कोंडून ठेवणं, यातलं काही घडलं असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी सुरक्षित व्हा. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी 'सखी' वन स्टॉप सेंटर असतं. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. तक्रार केली म्हणजे संसार मोडला, हा समज चुकीचा आहे. या कायद्यात लग्न टिकवूनही संरक्षणाचा, खर्चाचा आणि राहत्या घरात राहण्याचा आदेश मिळू शकतो.

हात उचलणारे तुम्ही असाल, तर तुमच्यासाठी वाट लांबची आहे. दारू कारण असेल तर आधी दारूचे उपचार सुरू करा. ते सुरू झाल्याचं एकदा कळवा आणि थांबा. भेटायचं की नाही, हे तिनं ठरवायचं. "एकदा ये, मग बघ कसा बदललोय" हा निरोप तिला पुन्हा धोक्यात बोलावणारा ठरू शकतो.

नोटिशीनं माणूस परत येत नाही

चार-सहा महिने झाले, की कुणीतरी सल्ला देतं, "नांदायला येण्याची नोटीस पाठव, मग बघ कशी येते." ही नोटीस हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ९ वर उभी असते. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख जोडप्यांनाही लागू आहे. मुस्लिम जोडप्यांचे नियम वेगळे आहेत. कलम ९ खाली न्यायालय सहजीवन पुन्हा सुरू करण्याचा हुकूम देऊ शकतं. हुकूम मोडला तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, पण कुणाला हाताला धरून आणून नांदवता येत नाही.

आणखी एक गोष्ट नोटीस पाठवणाऱ्याला बहुधा सांगितली जात नाही. हुकूम होऊन वर्षभरात दोघं एकत्र आले नाहीत, तर त्याच कारणावर कोणताही पक्ष घटस्फोट मागू शकतो. जोडायला म्हणून उघडलेलं दार तोडण्याकडे निघतं. "हुकूम मोडला की पोटगी बंद" हेही खरं नाही. हुकूम असूनही बायको योग्य कारणासाठी परत आली नसेल, तर तेवढ्यावरून तिची पोटगी नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

महाराष्ट्राला हा धडा जुना आहे. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लागलं होतं. त्या सासरी कधी नांदल्याच नव्हत्या. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. अपिलानंतर प्रकरण पुन्हा उभं राहिलं आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की महिनाभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैदेची तयारी दाखवली. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला, आणि रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. दाव्याचा हुकूम हाती असूनही दादाजींच्या घरी कुणी आलं नाही.

तुम्हाला जोडीदार हवा असेल, तर वकिलाच्या नोटिशीआधी स्वतःच्या हातचा एक निरोप जाऊ द्या.

पहिला निरोप

पहिल्या निरोपात मागणी नको, आरोप नको, आणि उत्तर द्यावंच लागेल असा प्रश्नही नको. एक खरी गोष्ट पुरते. कसा असावा, कसा नसावा, बघा.

नसावा असा: "किती दिवस तिथं बसणार? लोक काय म्हणतात कळतंय का? उद्यापर्यंत सांग, नाहीतर मी माझा मार्ग मोकळा."

असावा असा: "पिंकीच्या शाळेच्या बाईंचा फोन आला होता. पाढे चांगले म्हणते म्हणाल्या. ते तू करून घेतलंस, म्हणून तुला सांगावंसं वाटलं. उत्तर नाही दिलंस तरी चालेल."

बायकोकडून जाणारा निरोपही असाच साधा असू द्या: "आत्यांच्या गुडघ्याचं कसं आहे? इथं सगळे बरे आहेत. मी रागानं निघून आले, पण तुमच्याशी बोलायचंच नाही असं नाही."

असा निरोप आठवड्यातून एकदा पुरे. शक्यतो ठरावीक दिवशी, सकाळी किंवा दिवसाढवळ्या. रात्री अकरानंतर नको आणि पिऊन तर मुळीच नको. उत्तर आलं नाही म्हणून पाठोपाठ दहा मेसेज टाकू नका. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टोमणे लावणं आजपासून बंद. ते जोडीदारापेक्षा गाव जास्त वाचतं. नंबर ब्लॉक झाला असेल तर मित्राच्या फोनवरून गाठू नका. एकदाच पत्र लिहा. "मला निरोप पाठवू नका" असं स्पष्ट उत्तर आलं, तर थांबा. थांबण्यातूनही समोरच्याला कळतं, की तुम्ही ऐकता.

पत्र आता कोण लिहितं, असं वाटेल. पण फोनवर पहिल्याच मिनिटाला भडका उडत असेल, तर पत्रासारखी सोय नाही. लिहिणारा खोडू शकतो, वाचणारा दोन दिवसांनी पुन्हा वाचू शकतो. सावित्रीबाई फुले यांची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं उपलब्ध आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ ची. त्या दोघांत दुरावा नव्हता. तरी पहिल्या पत्राची परिस्थिती आपल्या कामाची आहे. सावित्रीबाई आजारपणात नायगावला माहेरी होत्या आणि तिथं त्यांचा भाऊच नवरा-बायकोच्या कामाला नावं ठेवत होता. त्यांनी भावाला तोंडावर उत्तर दिलं आणि काय बोलणं झालं ते जोतीरावांना स्वतः कळवलं. माहेरी चाललेली चर्चा नवऱ्याला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तिच्याकडून कळली. १८७७ चं पत्र ओतूरहून, दुष्काळाच्या कामाविषयी. आपण काय पाहतो, काय करतो, हे दूरच्या जोडीदाराला सांगत राहणं एवढंच त्या पत्रांत आहे, आणि दुरावलेल्या जोडप्यांत नेमकं तेच आधी बंद पडतं.

माफी कशी मागावी

"काही चुकलं असेल तर माफ कर" ही माफी नव्हे. यात काय चुकलं तेही नाही, आणि चुकलं हेही कबूल नाही. घडलेली गोष्ट नाव घेऊन सांगा: "पाचवीच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर तुझ्या वडलांना बोललो. ते चुकलं." इथं पूर्णविराम. पुढं "पण तूही" आलं, की सगळी माफी पुसली जाते. तिची किंवा त्याची चूक असेलच, ती बोलायचीही आहे. मात्र दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या बोलण्यात. माफीच्या बदल्यात लगेच काही मागू नका. "माफी मागितली ना, आता चल" म्हणणाऱ्याची माफी उद्या कुणी खरी मानत नाही.

फोन सुरू झाला की

निरोपांना उत्तरं येऊ लागली, की फोन होतील. सुरुवातीचे फोन दहा-पंधरा मिनिटांचे ठेवा आणि बोलणं बरं चाललेलं असतानाच थांबवा. स्पीकर बंद, शेजारी आई, बहीण, भावजय कुणी नको. कुणी ऐकत असेल, तर ते आधी सांगा.

अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी अनेक वर्षं जोडप्यांच्या बोलण्याचं चित्रण करून अभ्यास केला. संसाराला पोखरणाऱ्या चार सवयी त्यांनी सांगितल्या: वागण्याऐवजी माणसालाच नावं ठेवणं, तुच्छता दाखवणं, स्वतःची बाजूच लावून धरणं, आणि गप्प बसून भिंत घालणं. त्यात तुच्छता सगळ्यात घातक. आपल्याकडे ती दोन वाक्यांत भेटते, "तुझ्या माहेरच्यांची लायकी काय" आणि "तुम्ही तर आईच्या पदराखालचे". ही दोन वाक्यं आजपासून बंद केली, तरी निम्मे फोन नीट संपतील.

राग चढला, छाती धडधडायला लागली, की त्या वेळी कुणी कुणाचं ऐकत नाही. "मला राग आलाय, अर्ध्या तासानं फोन करतो" असं म्हणा आणि खरंच करा. अंग शांत व्हायला किमान वीस मिनिटं लागतात. न सांगता फोन आपटला तर ती भिंत होते. वेळ सांगून ठेवला तर तो विसावा.

रेकॉर्डिंगचंही सांगायला हवं. पती-पत्नीचं चोरून रेकॉर्ड केलेलं बोलणं वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून घेता येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये दिला. त्यामुळे "हे कोर्टात जाईल" या भीतीनं माणसं तोलून-मापून बोलतात. दोघांनी सुरुवातीलाच ठरवून घ्या, की रेकॉर्ड करायचं नाही. आणि हा शब्द पाळा.

पैसा आणि लेकरं

"आली तर खर्च देईन" हे वाक्य जितकं नातं तोडतं तितकं दुसरं काही तोडत नाही. लेकराचा खर्च ही तुमची जबाबदारी आहे, बायको कुठं राहते यावर ती अवलंबून नाही. रक्कम लहान असू द्या, पण ठरलेल्या तारखेला, न मागता, तिच्या खात्यावर थेट जाऊ द्या. सासऱ्याच्या हाती नको. हंगामावर अवलंबून असाल तर "सोयाबीन विकलं की बघू" असं मोघम नको. "या महिन्यात एवढे, बाकीचे विक्री झाल्यावर अमुक तारखेला" असं बोला. पोटगीचा आदेश झाला असेल तर तो पाळा. थकबाकी ठेवून प्रेमाचे मेसेज पाठवणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

लेकरांना निरोप्या करू नका. "पप्पाला विचार कधी येणार" आणि "आई कुणाशी फोनवर बोलते गं" ही दोन्ही वाक्यं मुलांवर अन्यायाची. भेटीचा वार ठरवा आणि मोडू नका. लेकराची कामं आई-बापांनी मिळून केली, तर तीच भेटीची साधी निमित्तं होतात: लसीच्या डोसासाठी सास्तूरच्या स्पर्श ग्रामीण रुग्णालयात दोघांनी जाणं, शाळेच्या पालकसभेला दोघांनी बसणं. तिथं भांडणाचा विषय नसतो, काम असतं. काम संपल्यावर पाच मिनिटं जास्त थांबलात, तर ती तुमची.

भेटायचं कुठं

गावात दोघांनी निवांत बोलायला जागाच नसते, ही खरी अडचण. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूर आणि आसपासची गावं नव्यानं वसली. जुन्या माळवदांच्या दाटीऐवजी रुंद रस्ते आले, सरळ ओळींत घरं आली. पण कोण कुणाच्या दारात गाडी लावतं, हे आता आणखी लांबून दिसतं. जावई सासुरवाडीला पोचायच्या आत बातमी पोचलेली असते.

म्हणून पहिली भेट दोन्ही घरांबाहेर ठेवा. दिवसा, माणसांच्या वर्दळीत, पण ओळखीच्या घोळक्यात नको. उमरगा, लातूर किंवा तुळजापूर चालेल. तासाभराची भेट पुरे. तिला यायला-जायला त्रास होणार नाही, अंधार पडायच्या आत परतता येईल, याची काळजी बोलावणाऱ्यानं घ्यायची. त्या दिवशी निर्णय मागायचा नाही.

येळवसेचंही असंच. मार्गशीर्षातल्या या अमावास्येला लातूर-धाराशिवकडची घरंच्या घरं रानात जातात. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, आंबील, भज्जी, उंडे. "येळवसेला आणा, सगळं विसरेल" असा सल्ला हमखास मिळतो. पण रुसून गेलेल्या सुनेला पाच-पन्नास पाहुण्यांपुढं पहिल्यांदा आणणं म्हणजे तिला तमाशात उभं करणं. त्या वर्षी लेकराला रानात बोलवा आणि तिच्यासाठी डबा द्या, सोबत कुणाचाही उपदेश न पाठवता. ती स्वतः येते म्हणाली, तर गोष्ट वेगळी.

बैठक घ्यायचीच असेल तर

सगळी माणसं बाजूला काढता येत नाहीत, आणि काढूही नयेत. ज्येष्ठांचा आधार लागतो. पण बैठकीला नियम लावा. एकेका बाजूनं दोनच माणसं, त्यात एक तरी बाई. ज्यांचा संसार आहे ती दोघं हजर, आणि आधी तीच बोलतील. जुन्या सोयरिकीचे, हुंड्या-मानपानाचे हिशेब त्या दिवशी नाहीत. कोणत्याही कागदावर सही नाही. स्टॅम्प पेपरवर "आमचा संबंध संपला" लिहून सह्या घेतल्यानं हिंदू विवाह मोडत नाही. ज्या समाजात तशी रूढी आहे, तिथंही ती सिद्ध करावी लागते.

गावात तंटामुक्ती समिती चालू असेल, तर १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतून तिची मदत घेता येते. मात्र तीही गावातलीच माणसं. तुमची बाजू ओळखीपाळखीवर तोलली जाईल असं वाटत असेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. मदतक्रमांक १५१०० आहे. न्यायालयामार्फत होणाऱ्या मध्यस्थीचा मोठा फायदा असा, की तिथं बोललेलं गोपनीय राहतं, पुढं पुरावा म्हणून वापरता येत नाही. जे फोनवर बोलायची भीती वाटते, ते तिथं बोलता येतं.

घटस्फोटाचा अर्ज आधीच दाखल झाला असेल, तरी दार बंद झालेलं नसतं. समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्य कायद्यातच सांगितलं आहे. संमतीच्या घटस्फोटाला वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर सहसा सहा महिने थांबावं लागतं. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ही मुदत काही प्रकरणांत माफ होऊ शकते. तोवर मन बदललं तर, अंतिम हुकूम होईपर्यंत, संमती मागे घेता येते.

परत नांदायला येताना

बोलणं रुळलं म्हणून दुसऱ्याच दिवशी गाडी करू नका. ज्या घरातून ती निघाली त्या घरात काय बदललं, हे आधी ठरवा. बहुतेक घरांत मुद्दे चारच निघतात. चूल एक की वेगळी, घरातला पैसा कुणाच्या हातात, माहेरी फोन आणि जाणं-येणं यावर कुणाची परवानगी, आणि दारू. प्रत्येकावर एकेक साधं वाक्य दोघांच्या अक्षरात लिहा. नवरा पुण्याला किंवा हैदराबादला कामाला असेल आणि ती सास्तूरला सासू-सासऱ्यांजवळ, तर "मी इथं कुणासाठी राहू?" हा तिचा प्रश्न टाळू नका. खोली भाड्यानं घेऊन सोबत राहण्याचा हिशेब कागदावर मांडून बघा. पुष्कळदा आडवी येते ती भावकी, पैसा नव्हे.

पोलिसांत गुन्हा नोंदला असेल, म्हणजे पूर्वीचं ४९८-अ किंवा १ जुलै २०२४ पासूनचं भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, तर ती घरी आल्यानं तो आपोआप मिटत नाही. आपसात मिटवून काढून घेण्यासारखा तो गुन्हा नाही. समेट झाल्यावर तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात अर्ज करावा लागतो. "आधी केस काढ, मग घरी नेतो" ही अट घालू नका. आधी काही महिने नीट नांदून दाखवा, मग दोघांनी मिळून वकिलाकडे जा.

परतल्यावर दर आठवड्याला अर्धा तास फक्त दोघांसाठी ठेवा. वेगळं राहताना जी बोलायची सवय लागली, ती घरात आल्यावर मोडणं हीच सगळ्यात नेहमीची चूक.

नाहीच जुळलं तर

काही जोडपी सगळं नीट करूनही परत एकत्र येत नाहीत. तेव्हा धड नांदवायचं नाही, धड मोकळं करायचं नाही, अशा अधांतरी अवस्थेत कुणाला ठेवू नका. संगमनेरला १९८८ मध्ये निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परित्यक्तांची परिषद भरवली, ती याच अवस्थेतल्या बायकांचा प्रश्न महाराष्ट्रासमोर ठेवायला. म्हणून स्वतःशी एक मुदत ठरवा, वर्षभराची म्हणा. तोवर मनापासून प्रयत्न करा. मग समोरच्याला सरळ विचारा आणि उत्तर "नाही" आलं, तर कायदेशीर मार्गानं, खर्चाची आणि लेकरांची सोय करून मोकळे व्हा. झोप उडाली, जगणं नकोसं वाटलं, तर टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

या काळात शिकलेलं थेट बोलणं तेव्हाही वाया जात नाही. लेकरं दोघांची राहतात. त्यांच्या शाळेचं, आजारपणाचं, पुढं लग्नकार्याचं बोलायला मामा-मेहुण्यांची फेरी लागणार नसेल, तर वेगळे झालेले आई-बापही लेकरांना पुरतात. तेव्हा या आठवड्यात एकच करा. मागणी नसलेला, दोन ओळींचा निरोप लिहा, घरात कुणाला न दाखवता पाठवा, आणि पुढचा आठवडाभर वाट बघा.